पैलवानाची रात्रपाळी

२ तारीख, शनिवार

आले एकदाची! दोन बॅगा, एक उशी आणि मुठीत किल्ली. चाळिशी उलटली तरी आजवर माझ्याकडे कुठल्याच घराची किल्ली नव्हती. दादाच्या घराचं दार वहिनी उघडायची, तेही कपाळाला आठ्या घालून. मध्ये एकदा म्हणाली, मुलं मोठी झाली, आता तुमची खोली लागेल. मी म्हटलं, लागू दे. या गावात चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम शोधलं आणि निघाले.

घर मैत्रिणीचं. शाळेत तिला सगळे बडबडी म्हणायचे, आणि अजूनही तिच्या तोंडाला कुलूप नाही. ती लेकीच्या बाळंतपणाला गेलीय. परत आली की दोघींनी इथेच राहायचं, असं ठरलंय. तोवर माझ्याकडे एकच काम, पैलवानाला सांभाळायचं.

पैलवान म्हणजे हॅमस्टर. उंदराचा गुबगुबीत मावसभाऊ, मुठीत मावेल एवढा, शेपूट नावापुरती. दिवसभर भुशात गोळा होऊन झोपतो आणि दिवे मालवले की ड्यूटीवर हजर! चाकात असा पळतो, जणू हा थांबला तर गावाची वीज जाईल. बडबडीनं बजावलंय, हल्ली रात्री फार अस्वस्थ असतो, जरा लक्ष दे. मी म्हटलं, दादाची तीन पोरं वाढवलीत मी, हा काय चीज आहे!

५ तारीख, मंगळवार

चीज आहे खरी. पिंजऱ्याची कडी दातांनी उचलतो आणि पसार होतो. काल जागून पाळत ठेवली. साहेब भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात गेले, सिंकखालच्या कपाटात शिरले, आणि पाण्याचा पाइप जिथं मागच्या फळीतून आत जातो तिथल्या भोकातून गायब. पहाटे आपल्या पायांनी परत.

गालांच्या दोन थैल्या टम्म फुगलेल्या असतात. जाताना काय काय नेतो ते आज कळलं. माझ्या फणीतले केस, कापलेली नखं, नाइटगाऊनचं बटण, आणि परवा दाढेची टोपी निखळली होती, तीही. दातांच्या डॉक्टरला काय सांगू, उंदरानं नेली म्हणून? बडबडीला फोनवर सांगितलं तर ती खिदळतच सुटली. म्हणाली, माझं असलं काही तो कधी नेत नाही, तूच त्याला आवडलेली दिसतेस.

मला बरं वाटलं. कुणाला तरी आवडले.

८ तारीख, शुक्रवार

काल टॉर्च घेऊन कपाटापाशी बसले. पैलवान भोकाशी थांबला, आत गेला नाही. पुढचे पाय गालांवर दाबून त्यानं माझ्या केसांचा पुंजका बाहेर काढला. अंग थरथरत होतं त्याचं. आणि तो पुंजका आतून कुणीतरी ओढून घेतला. हळूच, अगदी निगुतीनं.

दुसरा उंदीर असेल, म्हटलं. मग आतून खोकला आला.

काचांच्या भुकटीनं मला खोकला झालाय. आधी एक ठसका, मग जरा थांबून दोन. अगदी तसाच आला. त्यानंतर माझ्याच आवाजात, लाडीगोडीनं, पैलवान, ये.

मी पातेलं उचललं आणि फळीवर दाणदाण आपटलं. म्हटलं, कोण असशील ते, बिऱ्हाड हलव, इथं मी राहते. शेजारच्या आजोबांनी भिंत ठोकली. त्यांनाही ओरडून सांगितलं, झोपा गुमान.

पण मी जाणार नाही. गेले तर दादाच्या दारात उभं राहावं लागेल, आणि वहिनी काय तोंड करेल ते मला पाठ आहे.

११ तारीख, सोमवार

दुकानात गेले तर मालक चमकलेच. म्हणाले, सकाळीच तर तुम्ही फोन करून नोकरी सोडते म्हणालात. आवाज? तुमचाच. नंबर? घरचा. स्वयंपाकघरातल्या जुन्या फोनचा. त्या वेळी मी दुकानाच्या वाटेवर होते.

त्यांना स्वच्छ सांगितलं, समोर उभी राहून मी बोलेन तेच माझं बोलणं. ते बिचारे बरं म्हणाले. निदान नोकरी वाचली.

संध्याकाळी फोनची वायर उपटून टाकली. भोकावर तारेची जाळी ठोकली, वर सिमेंट लिंपलं. केस विंचरले ते कागदावर, तो कागद जाळला. नखं कापणं बंद. पिंजऱ्याला कुलूप. ये म्हणावं आता.

१३ तारीख, बुधवार

जाळी कपाटात पडलेली. आतून ढकललेली.

कुलूप जागच्या जागी, आणि पैलवान पिंजऱ्यात. गाल फुगलेले. खाईना, चाकातही जाईना. तळहातावर घेतलं तर त्यानं स्वतःच गाल रिकामे केले. एक वेणी. बोटाएवढी, माझ्याच केसांची, करड्या बटेसकट. मी घालते तशी, डावीकडून सुरू केलेली.

या वेळी काही नेलं नाही. तिकडून आणलं. मला दाखवायला.

वेणी खिडकीतून भिरकावली. पैलवानाला म्हटलं, तुझी चूक नाही रे राजा. फळीमागून तिनं बोलावलं की तुला वाटतं मीच बोलावते.

आज आवाज बसलाय. गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. दुकानात सगळं खुणांनी.

१४ तारीख, गुरुवार

आवाज मुळीच नाही. डॉक्टर म्हणतात घसा साफ आहे.

रात्री कपाटातून गाणं ऐकू येतं. पोरांना झोपवताना गायचे ते. माझ्यापेक्षा गोड गाते — आणि मध्ये मध्ये हसते.

बडबडीचा मोबाइलवर मेसेज. काल रात्री किती छान बोललीस गं, उद्या पोचतेच. पाहिलं तर घरच्या फोनची वायर पुन्हा जोडलेली. मी उत्तर लिहिलं, ती मी नव्हते, येऊ नकोस. पोचलं की नाही कळत नाही. ती गाडीत असेल.

खोली सोडून जा असं मला आजवर बरेच जण म्हणाले. दर वेळी उठले. आता नाही. ऐकतेस ना आत? नाही.

१५ तारीख

फळी उघडी. आत कुणी नाही — नुसती जागा, माणूस पाय दुमडून बसेल एवढी. भुसा अजून गरम.

म्हणजे ती घरात —

पैलवान माझ्या खिशात. बेडरूमचं दार आतून लावलंय. हातात पातेलं.

बेल वाजली. बडबडी. जिन्यातच बोलायला लागलीय, सामान, गाडी, नातीचे फोटो —

ओरडता येत नाही. घशातून नुसती हवा —

स्वयंपाकघरातून पावलं. बाहेरच्या दाराकडे. माझ्या आवाजात, आले गं, आले!

नाही. ते दार माझं आहे. मी निघाले, आधी पोचेन, बडबडीला हाताला धरून ओढेन, तिनं माझा चेहरा नीट पाहिला तर —

कडी काढतेय ती — मी —