पंधरा पायऱ्या, ओकच्या

३ मार्च, सकाळ
निश्चय झाला. जिन्याच्या काँक्रीटवर ओक लाकडाच्या पायऱ्या बसवायच्या. पंधरा पायऱ्या, तीन आठवडे. सुतार नको. लिदा नोव्हेंबरात कोस्त्रोमाला बहिणीकडे राहायला गेली, त्याला कारण हा जिनाच. नऊ वर्षं म्हणत होती, गेना, हा जिना चढताना स्टेशनात राहिल्यासारखं वाटतं, तळपाय गारठतात. बाकीही बरंच म्हणायची बायको, ते नीटसं आठवत नाही. जिन्याचं मात्र पक्कं लक्षात आहे.

५ मार्च
लिदाला फोन. म्हटलं, सरप्राइज आहे. तिने विचारलं, वेळेवर जेवतोस ना? म्हटलं, जेवणाचं सोड, १ मेच्या सुट्ट्यांना ये आणि बघ. बघू, एवढंच म्हणाली. आनंदाने असणार.

११ मार्च
फळ्या आल्या. शेजारचा आर्काद्यिच बघायला आला. म्हणाला, ओक दोन-तीन आठवडे घरात पडू दे, घराची ऊब कळू दे त्याला. आणि काँक्रीटवर एक दिवस प्लॅस्टिक चिकटवून बघ, खाली ओल धरते का. मी म्हटलं, नऊ वर्षं वाळतंय, माझ्याइतकं कोरडं ठणठणीत झालंय. म्हणाला, तेच म्हणतोय मी. काय म्हणायचं होतं कोण जाणे.

२४ मार्च
सहा पायऱ्या बसल्या. खाली प्लायवूड, वर ओक. तीन आठवडे झाले, पण घाईचं काम माझं नव्हे. लिदाचा फोन तीनदा येऊन गेला. ड्रिल चालू होतं, ऐकूच आला नाही. उद्या करतो.

२९ मार्च
फोन राहिलाच. तिसरी पायरी कुरकुरते. लाकूड जिवंत असल्याची खूण.

१० एप्रिल
पंधराही बसल्या! एक बारीकशी गोष्ट. लाकडाची जाडी हिशेबात धरायची राहिली. त्यामुळे पहिली पायरी पाच सेंटिमीटर उंच झाली आणि शेवटची तेवढीच बुटकी. वरचा मजला काही उचलता येत नाही. दिवसातून चारदा ठेचकाळतो. पायाला सवय होईल. आर्काद्यिच वर पोचता पोचता पडणार होता. म्हणाला, जिना आहे की परीक्षा? जळतो, दुसरं काय.

१८ एप्रिल, दुपार
खुर्च्यांवर हत्यारं पसरलेली. सातव्या पायरीवर बसून उकडलेले बटाटे खाल्ले. दोघं आरामात बसतील इतकी रुंद आहे. एका बाजूला सरकून बसलो होतो, हे उठताना लक्षात आलं.

२७ एप्रिल, दुपार
व्हार्निशचा शेवटचा हात. लोक एकाआड एक पायरी रंगवतात, म्हणजे जायला-यायला वाट राहते. त्याने रंगात फरक पडतो. मी एका दमात सगळ्या केल्या, खालून वर. वर पोचल्यावर आठवलं, स्वयंपाकघर खाली आहे. चोवीस तासांचा प्रश्न. खिशात दोन बिस्किटं आहेत.

२७ एप्रिल, संध्याकाळ
पाच वाजता फाटक वाजलं. लिदा! सुट्ट्यांच्या चार दिवस आधीच. पाठीवर भलीमोठी पिशवी, हातात खोका, खोक्यात दुधाच्या कापलेल्या पुठ्ठ्याच्या पाकिटांमध्ये टोमॅटोची रोपं. दार उघडलं की समोरच जिना, म्हणून खिडकीतून ओरडलो, दार उघडू नकोस, व्हार्निश ओलं आहे, धूळ बसेल! म्हणाली, गेना, रोपांना गारठा लागेल रे, निदान दाराच्या आत ठेवू? म्हटलं, वारा शिरेल, उद्या ये, उद्या बघ कसं चकाकतं! तिने विचारलं, तू खाली येत नाहीस? म्हटलं, कसा येऊ, ठसे उमटतील. बराच वेळ मान वर करून बघत राहिली. मग हसली. खोका घेऊन आर्काद्यिचच्या फाटकातून आत गेली आणि मोकळ्या हातांनी बाहेर आली. सहाची बस मिळाली असावी.
बिस्किटं संपली.

२८ एप्रिल, संध्याकाळ
व्हार्निश वाळलं. एकही डाग नाही. चारपासून दारात उभा होतो. सहाच्या बसनेही कोणी आलं नाही, तेव्हा फोन केला. म्हटलं, ये, वाळलंय. म्हणाली, छान झालं, गेना. आणि फोन ठेवला.
आर्काद्यिचकडे गेलो. त्याच्या खिडकीत रोपं ओळीने मांडलेली. म्हणाला, चाळीस आहेत, मी मोजली. म्हटलं, माझी आहेत ती. म्हणाला, तिने मला दिली, तूच लाव म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, रोपांना पाणी घालत म्हणाला, अरे येड्या, एका दिवसासाठी येणारी बाई चाळीस रोपं घेऊन येते का?
घरी आलो. चिखलाचे बूट न काढताच वर गेलो.
कोणी ओरडलं नाही.