निवृत्त संगणक आणि उलटं स्टिअरिंग

ती. ताईस,

धाकट्या गेन-वांगचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? आणि भाऊजींचा खोकला थांबला, की अजून साऱ्या पिंगतुंगला ऐकू येतो? इकडे कीलुंगला आम्ही दोघं मजेत आहोत. (म्हणजे मी मजेत आणि पाओ-लिएन माझ्याहून जास्त मजेत. ते कसं, तेच सांगायला बसलोय.)

बस कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा दोस्तांनी संगणकाला जोडायचं स्टिअरिंग भेट दिलं, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून मी रोज घरातच बस चालवतो. खेळातली बस असली तरी प्रवासी अगदी अस्सल, दार लावलं की मगच धावत येणारे! रविवारी तर आम्ही सगळे म्हातारे ड्रायव्हर आपापल्या घरून एकामागे एक बसगाड्या काढतो. तुझ्या भावजयीला हे मुळीच पसंत नव्हतं. (तिला बस लागते. मी इतकी वर्षं बस चालवली, पण ही बाई एकदाही माझ्या बसमध्ये बसली नाही. बाजारातसुद्धा चालत जायची.)

तर एके दिवशी पडद्यावर सूचना आली, की हा संगणक आता जुना झाला, नवी ऑपरेटिंग सिस्टिम याला झेपायची नाही. मी चरकलो. मला निरोप देताना साहेबांनी हेच सांगितलं होतं, आणि तेही इतक्याच गोड शब्दांत. म्हटलं, याला भंगारात टाकणार नाही. मग आमचा आ-थू (ड्रायव्हरांच्या रांगेत सगळ्यांत पुढे असतो तो) म्हणाला, लिनक्स घाल. फुकट मिळतं, जुन्या यंत्रावर चालतं आणि हल्ली खेळही चालतात त्यावर.

सकाळी चहा घेऊन बसलो. पहिलाच प्रश्न आला, भाषा कोणती? माझं बोट घसरलं आणि सगळा पडदा कोरियन झाला! ओरडलो, तशी स्वयंपाकघरातून पाओ-लिएन आली. "अहो, ओरडता काय? सरका तिकडे." कोरियन मालिका बघून बघून तिला अक्षरं लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. ती एकेक प्रश्न वाचायची, थोडा विचार करायची आणि म्हणायची, "हो म्हणा." मी हो म्हणत गेलो. (एकदा तिचा अर्थ असा निघाला, की यंत्र कुणाच्या तरी प्रेमात पडलंय. तिथेही हो म्हटलं.)

दुपारी खेळ सुरू झाला! चित्र झकास, पण आवाज नाही. मी बटणं दाबतोय, दारं उघडतोय, लावतोय. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या येनबाई धापा टाकत वर आल्या. त्यांच्या मुलाच्या लग्नाची बोलणी करायला मुलीकडची मंडळी आली होती. सगळे अवघडून, चहाच्या पेल्यांत बघत बसलेले, आणि कपाटावरचा बिनतारी स्पीकर एकदम गरजला, "दार बंद होत आहे, मागच्यांनी पुढे सरकावं!" यंत्र प्रेमात पडलं होतं ते येनबाईंच्या स्पीकरच्या. मी माफी मागायला वाकलो, तर बाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "अहो, विहीणबाई खरंच पुढे सरकल्या! तिथून जी बोलणी रंगली!" लग्न ठरलं, आम्हाला आमंत्रण आहे.

आवाज परत घरी आणला, तर स्टिअरिंग उलटं! डावीकडे वळवलं की बस उजवीकडे. माझ्या हातांना आयुष्यभराची सवय, त्यामुळे बस कधी बंदरात, तर कधी मासळीबाजारात. इकडे रविवार आलेला, मंडळी निघायच्या तयारीत, आणि मला रडू यायचं बाकी. पाओ-लिएन म्हणाली, "उठा." ताई, जिने कधी स्कूटरसुद्धा चालवली नाही, तिच्या हातांना कसली सवयच नाही! डावं ते उजवं म्हटलं की डावं ते उजवं. तिने बस अशी काढली, की सगळ्या वळणांवर एकाही प्रवाशाचा तोल गेला नाही. माझ्या हेडफोनमधून आ-थूचा आवाज आला, "गेन-वांग, लेका, आज हात बसला तुझा!" मी तर प्लॅस्टिकच्या स्टुलावर तिच्या शेजारी बसलो होतो. तिने न बघताच हात पुढे केला, "तिकीट?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं एका बसमध्ये होतो, ताई. डोळे पुसले ते तिने पाहिलं नाही, ती आरशात मागची गाडी बघत होती.

भाऊजींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद.

तुझा,
गेन-वांग

ता.क. : खरं काम असं. स्टिअरिंग सरळ कसं करायचं ते मी शोधून काढलंय, पण ती हात लावू देत नाही. खरी ड्रायव्हर कोण ते कळल्यापासून आ-थूसुद्धा तिलाच फोन करतो. तर तुमच्या बागेतली जामाची फळं काढायला माणूस हवं म्हणून तिला आठवडाभर बोलावून घे. कंबर धरलीय असं सांग. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस.

आणखी ता.क. : वन्सं, सा. न. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिलं होतं. फळं काढायला जरूर येते. संगणक आणि स्टिअरिंग घेऊन येते, जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा रिकामा ठेवा. यांनाही आणते, बसला प्रवासी हवाच.
— पाओ-लिएन