शेडमधलं इमान

काष्टी, ५ जानेवारी २०२५

चि. सत्यशीलेस, आप्पाचे अ. उ. आ.

फोनवर तुझं निम्मं ऐकू येत न्हाई, म्हनून लिवतोय. खोकी मागवून घरीच जोडायला घेतलेलं तुझं इमान शेडात अर्धवट पडलंय. त्याचं काय करायचं ते एकदाच सांग. तुझी आई गेल्यापास्नं तू त्याला हात लावला न्हाईस, हिकडं फिरकलीबी न्हाईस. एक पंख आढ्याला टांगलाय, दुसरा अजून खोक्यातच हाय. बसायच्या जागेवर कोंबड्या अंडी घालत्यात.

दौंडचा अमृत म्हनून एक जन बघून गेला. त्यालाबी तुझ्यासारखंच खूळ. हाय तसं नेतो म्हनला. तेवढ्यात शेजारच्या सूर्यभाननं पारावर माझं नाव घिऊन सांगून टाकलं, गहिनीनाथ इमान इकतोय. इलेक्शन तोंडावर. दोन्ही पार्ट्यांची मानसं घरी येऊन इचारून गेली, कुनाला इकलं म्हनून.

ठेवायचं तर ठेव, इकायचं तर इक. मला शेळ्या बांधायला जागा पायजे. माझं बरं हाय. भात जमतो, भाकरी जमत न्हाई.

काळजी करू नको, पन इसरूबी नको.
आप्पा

बंगळूर, १६ जानेवारी

ती. आप्पांस, सत्यशीलेचा सा. न. वि. वि.

पारावरचं वाचून ऑफिसात एकटीच हसले. आसपास मराठी कळणारं कुणी नाही, मग सांगणार कुणाला?

आप्पा, विमान विकून टाका. पत्रे जोडणारे रिबिट ठोकायला दोन माणसं लागतात. मी अलीकडून ठोकायचे, आई पलीकडून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. तुम्ही आम्हा दोघींना येड्या म्हणायचात. ती गेल्यावर मी एकदा हातोडी उचलली आणि तशीच ठेवून दिली. आता रजाही मिळत नाही.

आणि शेळ्या कधी घेतल्या? बोलला नाहीत.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशी असू द्या.
सत्यशीला

काष्टी, २ फेब्रुवारी

चि. सत्यशीलेस, अ. उ. आ.

अमृत टेम्पो घिऊन आला हुता. टांगलेला पंख उतरवायला एका टोकाला तो, एका टोकाला मी. धरल्यावर कळलं, लई हलका हाय. रिबिटांच्या रांगा सरळ सूत. एकाच ठिकानी वाकडी गेलीय. तिथं तुमी दोघी हसला असताल.

अमृतला म्हनलं, टांग परत. लई बोलला मला. मोकळा टेम्पो घिऊन गेला.

शेळ्या-बिळ्या काय न्हाईत. जागेचं असंच लिवलं हुतं, तू काय म्हनतीस बघायला. इमान गेल्यावर तू हिकडं कशाला येशील, एवढंच हाय. पलीकडनं मी धरतो. ठोकल्याचा आवाज मला तसाबी येत न्हाई. नीट धरलं न्हाई तर आईला बोलायचीस तसं बोल.

रजा मिळंल तवा ये. या पत्राला उत्तर धाडू नको. उत्तर आलं की तू येत न्हाईस असं मी समजनार. रोज पोस्टमन दारावरनं न थांबता पुढं गेला, की मला बरं वाटंल.

बाकी आल्यावर.
आप्पा