आमच्याकडे मासे खात नाहीत

बाबा, परवा काकांनी भर सभेत तुमची साक्ष काढली आणि ती माझ्याविरुद्ध गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्याविरुद्ध बोलायला तुम्ही हजर. काका म्हणजे तेच, तुमचे इथले मॅनेजर, पुण्याचे, बोटवाले. आता काठी टेकत चालतात. सभेत काय झालं ते सांगतेच, पण आधी तळ्यावरचा तो दिवस तुमच्यासमोर ठेवते, कारण त्याचा विषय पुन्हा कधी काढायचा नाही असं तुम्ही एकट्यानेच ठरवलं होतं.

मी तेरा वर्षांची आहे. ईडन प्रेरी गावातली उन्हाळ्यातली शनिवारची सकाळ, तळ्यावर अजून धुकं आहे. काका बोटीचं इंजिन बंद करतात आणि आपण कमळाच्या पानांच्या कडेला नुसते तरंगत राहतो. काका मला रबराचा किडा गळाला लावायला शिकवतात. बास मासा पानांच्या सावलीत दबा धरून असतो, घाई केलीस की गेला, असं सांगतात. तुम्ही समोर बसून हसताय, आणि तुमची भाषा वेगळीच लागते आहे. घरी ‘काहून’ म्हणणारा माणूस इथे ‘खरं तर’ आणि ‘अर्थातच’ म्हणतोय. मला त्याची गंमत वाटते. मग माझी दोरी ताणली जाते, काठी वाकते आणि पाणी फोडून तो मासा वर येतो, हिरवा, जड, तोंड एवढं मोठं की माझी मूठ आत जाईल. त्याचा खालचा ओठ अंगठ्याने कसा धरायचा ते काका दाखवतात. मी तो दोन्ही हातांनी उचलून धरते आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा आनंद तुम्हाला देऊ करते: बाबा, हा घरी नेऊ या ना, तुम्ही रविवारी सुकट करता तसा झणझणीत करा.

सुकट तुम्हीच करायचात. आईला त्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल ठेवू द्यायचा नाहीत. आजीने नागपूरहून पाठवलेलं पुडकं उघडायचं, लसूण ठेचायचा, आणि त्याआधी अपार्टमेंटच्या दाराखाली ओला टॉवेल सारून ठेवायचा. तो टॉवेल थंडी अडवायला आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मे महिन्यातसुद्धा.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. “म्हणजे? तुम्ही खाता की काय? मी तर तुम्हाला आमच्यातलेच समजत होतो.”

तुम्ही हसलात. “नाही हो. शाळेतल्या मैत्रिणींकडे बघते आणि गोष्टी रचते. आमच्याकडे मासे खात नाहीत. अंडंसुद्धा कधी आणलं नाही घरात.” मग माझ्या हातातून मासा घेतलात, अलगद पाण्यात सोडलात आणि माझ्याकडे वळून म्हणालात, “खोटं बोलायचं नसतं बेटा. काकांना सॉरी म्हण.”

मी सॉरी म्हटलं. काकांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. अहो, मुलं आहेत, असं चालायचंच, असं काहीतरी म्हणाले आणि वर समजावलं की बास धरायचा आणि सोडायचा, इथे चांगले लोक तो खातच नाहीत. त्यानंतर तुम्ही दर उन्हाळ्यात त्यांच्याबरोबर गेलात. तुमच्यासाठी त्याहून सोयीचा खेळ या देशात दुसरा नव्हता: मासे धरायचे, कौतुक करायचं आणि जेवणाचा प्रश्नच निघू द्यायचा नाही.

गाडीत तुम्ही मला ग्रीन कार्डाचं सांगितलंत. फाइल काकांच्या टेबलावर आहे, मोठी झालीस की कळेल. कळलं. मी या जात लपवण्यावर वाचलं, रस्त्यावर उतरले, माईकसमोर उभं राहून घसा फोडला. नाव बदलून, गाव बदलून, ताट बदलून जगणारी आपली शेकडो माणसं भेटली, आणि एकालाही मी भित्रा म्हटलं नाही. ज्याच्या मानेवर पाय आहे त्याने मान हलवली नाही म्हणून त्याला जाब विचारायचा नसतो, जाब पायाला विचारायचा, हे मी दर सभेत सांगते. तुमचं लपणं मी त्याच दिवशी समजून घेऊ शकले असते. पण ज्या माणसाने मला विहारात बोट धरून पंचशील शिकवलं, हॉलच्या गालिच्यावर उभं करून जयंतीचं भाषण घोटून घेतलं, माफी मागितल्यासारखं बोलू नकोस म्हणून दरडावलं, त्याने मी खरं बोलले म्हणून मला माफी मागायला लावली. फाइलीसाठी आपलं घर नाकारलंत ते नाकारलंत. मला खोटं पाडायची काय गरज होती? मुलं काहीही बोलतात, एवढं म्हणून विषय टाळता आला नसता?

परवा सिटी कौन्सिलमध्ये भेदभावविरोधी नियमात जात हा शब्द घालायचा का, यावर लोकांचं म्हणणं ऐकत होते. मी बोलले. चांगलं बोलले. मग काका उठले. त्यांनी शांतपणे सांगितलं की या मुलीच्या वडिलांबरोबर आपण अनेक वर्षं एका बोटीत मासेमारी केली, इतका सरळ, सुसंस्कृत, निर्व्यसनी माणूस आपण पाहिला नाही, आणि त्याने जातीबद्दल एकदाही तक्रार केली नाही. “जात इथे असती, तर तो मला बोलला नसता का?”

ते खोटं बोलत नव्हते, बाबा. अध्यक्षबाईंनी मला विचारलं, उत्तर द्यायचं आहे का. मी नाही म्हटलं. बाहेर आल्यावर आपली तरुण पोरं म्हणाली, ताई, काय यार, तुम्ही गप्प बसलात? मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला भर सभेत काय उलटं बोलायचं. त्यांना ते पटलं नाही.

निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे आणि मला पुन्हा बोलायची संधी आहे. बोटीतला तो दिवस सांगितल्याशिवाय काकांना उत्तर देता येत नाही, आणि तो सांगायचा तर माझे वडील खोटं बोलले, हे वाक्य चारचौघांत उच्चारावं लागतं. मी ते उच्चारणार आहे. तुमची परवानगी मागत नाही, कळवते आहे. आणि तेही अशा कागदावर, जो सकाळी मीच फाडणार.

फक्त एक गोष्ट त्या पोरांना सांगितली नाही. काका बोलत होते तेव्हा उत्तर माझ्या ओठांवर तयार होतं. पण तुमच्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोलताना ऐकून मला फार वर्षं झाली होती, आणि त्यांनी आणखी थोडं बोलावं असं मला वाटत होतं.