नंदीचा डावा कान

शुक्रवार, दिवेलागणीची वेळ

उद्या बसवजयंतीची मिरवणूक, आणि नंदीच्या मुखवट्याचा डावा कान अजून खाली पडायलाय. चिटगुप्प्याहून आणलेली तार मऊ निघाली. दुहेरी पिळली तरी तेच.

पण खरी चूक माझीच. दरवर्षी नंदी व्हायचा मान सासऱ्यांचा, अप्पांचा. तारेचा सांगाडा मात्र पंधरा दिवस मी माझ्याच डोक्यावर घालून वाकवला. अप्पांच्या डोक्याला फेट्यासारखा मोठा रुमाल बांधलेला असतो, त्यावर हा बसायचाच न्हाई, हे विसरलेच कशी? रुमाल सोडून ते अंगणातसुद्धा येत न्हाईत.

रडू दाबत तार तोडायला बसले, तर अप्पांनी पक्कड काढून घेतली.

"तोडायलीस कामून? घाल बघू."

घातला.

"बराबर बसलाय की! उद्या तूच नाच."

"मी? बाईनं नंदी व्हायचं? लोक काय म्हणतील, अप्पा?"

"लोकांचं मी बघतो. रुमाल बांधून तुझ्या म्होरं चालतो."

"आणि हा कान?"

"राहू दे. नाचताना चांगला हलंल."

खरंच जमेल मला? कुणास ठाऊक. पण मुखवटा अजून उतरवलेला न्हाई. हे पानही तो घालूनच लिहायलेय, आणि डावा कान मधूनच वहीवर येतोय.