लड कोणी धरायची, याची व्यवस्था

मी, सौ. अक्काताई तवनाप्पा मगदूम, वय ६७, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते. शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत, डोकं नाही. तेव्हा कोणी शंका काढू नये. माझी आधीची दोन्ही मृत्युपत्रं, म्हणजे कालचं आणि आज सकाळचं, रद्द समजावीत.

१. राहता फ्लॅट यजमानांकडे, त्यांच्या पश्चात मुलगा जिनेश याच्याकडे. यजमान असेपर्यंत जिनेशनं तिथे भाडेकरू किंवा शहाणपणा आणू नये.

२. बँकेतली ठेव यजमानांना. पाटल्या सून आदितीला. नणंद पूर्णिमा यांनी मी विणलेल्या शालीला भर लग्नात घोंगडं म्हटलं होतं. त्यांना एक खरं घोंगडं घेऊन द्यावं, म्हणजे फरक कळेल.

३. सुया, क्रोशाच्या सुया आणि ट्रंकेतली लोकर आदितीला. ती म्हणते, विणकाम चालू ठेवते, पण लोकरीचे गुंडे हातानं करत बसणार नाही, गुंडाळायचं यंत्र घेते. मोबाइलवर तिनं तीन दाखवली: विजेवरचं, मोठ्या दांड्याचं आणि लहान प्लॅस्टिकचं. सकाळी मी विजेवरचं लिहिलं, दुपारी खोडलं. उठले, पाणी प्यायले, परत बसले. चैन पडत नाही.

कारण, मी गुंडा करताना लोकरीची लड आजवर यजमानांनी दोन्ही हातांवर धरली. एरवी बोलणं त्यांच्या जिवावर येतं, पण हात लडीत अडकले की बोलतात. त्यांची आई गेली तेव्हाचं, जिनेशची नोकरी सुटली तेव्हाचं, त्यांच्या मनातलं सगळं मला तिथेच कळलं. आदितीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, पप्पा आमच्याशी बोलतच न्हाईत की." मी नसले तर ते कोणाशी बोलतील, ही माझी खरी काळजी आहे. रविवारी लड अर्ध्यावर असताना म्हणाले, "तुला आत न्हेतील. मी भायेर बसून काय करू? भ्या वाटतंय मला." मी गुंडाळत राहिले, कारण माझा हात थांबला की ते गप्प होतात. भीती मलाही वाटते. तेव्हा बोलले नाही, इथे लिहिते.

४. म्हणून विजेवरचं यंत्र घेऊ नये, त्याच्या घरघरीत यांचा हळू आवाज ऐकू येणार नाही. मोठ्या दांड्याचं फार भराभर उरकतं. लहान, हातानं फिरवायचं, टेबलाला घट्ट आवळता येईल असं घ्यावं आणि सावकाश फिरवावं. लड अडकवायचं छत्रीसारखं स्टँड सोबत फुकट मिळालं, तरी घरात आणू नये. लड यजमानांच्याच हातांवर द्यावी आणि आदितीनं समोर बसावं. ते बोलत असताना लड संपली, तर दुसरी घ्यावी. ट्रंक रिकामी झाली, तर मी विणलेले सगळे स्वेटर उसवावेत.

हे मी स्वतः वाचलं. आता खाडाखोड करणार नाही. साक्षीदारांसमोर मी सही केली, माझ्यासमोर त्यांनी केली.

सही: अक्काताई तवनाप्पा मगदूम

साक्षीदार:
१. विश्वजित निंबाळकर, शेजारी
२. क्रांती सुतार, विणकामाची मैत्रीण

कोल्हापूर, बुधवार, दि. ८ ऑक्टोबर २०२५