आम्हाला सोडून का जाताय, सर?

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा कंबर सांभाळून केलेला नमस्कार. (वाकता येतं, उठताना भिंत लागते.) तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुमच्या नव्या इमारतीची लिफ्ट, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण ही गेल्यापासून तुझा फोन नाही. रागावून लिहीत नाहीये. म्हणजे थोडा रागावलोय, पण ते पुढे येईल.

ही गेल्यावर सुरुवातीला घर माणसांनी भरलेलं होतं. मग माणसं पांगली आणि फोन वाजायचा थांबला. खरं तर माझा आधीही वाजत नव्हता, पण हिचा इतका वाजायचा की माझा गप्प आहे हे कुणाच्या लक्षात यायचं नाही, माझ्याही. मी बॅटरी काढून फुंकर मारली, फोन गॅलरीच्या टोकाला नेऊन धरला आणि शेवटी कंपनीच्या दुकानात गेलो. म्हटलं, तुमचं नेटवर्क बिघडलंय, महिनोन्महिने एक फोन येत नाही. काउंटरवरच्या बाईंनी स्वतःच्या फोनवरून माझा नंबर लावला. असा खणखणीत वाजला की रांगेतली माणसं वळून बघू लागली. बाई म्हणाल्या, "काका, फोन ठीक आहे." डॉक्टरने तुम्हाला काही झालेलं नाही म्हटल्यावर आपण उगाच खट्टू होतो ना, तसा बाहेर आलो.

दुकानाच्या दारातच दुसऱ्या कंपनीची छत्री लावून एक गृहस्थ बसतात. त्यांनी समजावलं की नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, एक मेसेज टाकला की झालं. मी रागाच्या भरात टाकला. घरी येऊन चप्पल काढतोय तोवर फोन. आमच्याच कंपनीतून एक मुलगी, आवाज असा की सकाळपासून माझीच काळजी करत बसलीये. "आम्हाला सोडून का जाताय, सर?" ताई, हाच प्रश्न मी इतके दिवस हिच्या रिकाम्या पलंगाला विचारत होतो, आणि इथे तो मलाच कुणीतरी विचारत होतं. मी खुर्ची ओढून बसलो. नेटवर्कपासून सुरुवात केली, मग हिचं आजारपण, मग एकट्यासाठी भात किती लावायचा ते अजून जमत नाही, इथपर्यंत आलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रोजचं दोन जीबी इंटरनेट फुकट दिलं. (माझ्या फोनला बटणं आहेत. ते इंटरनेट रोज कुठे जातं देव जाणे.) मी जाणं रद्द केलं.

रद्द केलं आणि फोन पुन्हा गप्प. पुढचं सांगायला लाज वाटते, पण तू मला लंगोटात पाहिलेलं आहेस. मी पुन्हा मेसेज टाकला. पुन्हा फोन, पुन्हा विचारपूस, पुन्हा मी राहिलो. घर खायला उठलं की मी कंपनी सोडायला निघायचो. माझ्याइतकं चंचल गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसेल, आणि मी जन्मात साधा न्हावीसुद्धा बदललेला नाही.

गेल्या आठवड्यात नेमकी तीच पहिली मुलगी लागली. नेहमीचं बोलून झाल्यावर थांबली आणि हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला खरंच जायचंय का?" मी म्हटलं, नाही. "मग घरच्या कुणाला तरी फोन लावा ना, काका. मला इथून जास्त बोलता येत नाही." गुणाची पोरगी. पण लावू कुणाला? सगळे नंबर हिच्या फोनमध्ये, आणि तो फोन बंद करून मी कपाटात हिच्या कपड्यांच्या घडीत ठेवलाय. चालू करायचा धीर होत नाही. चालू केला की आमच्या दोघांचा फोटो येतो. म्हणून हे पत्र. दर रविवारी तू हिच्याशी तासभर बोलायचीस. मी शेजारी पेपर घेऊन बसलेला. मध्येच तू विचारायचीस, "आणि तो काय म्हणतोय?" ही सांगायची, "काही नाही, पेपर वाचतोय." तेवढ्यात माझी खुशाली उरकायची. ताई, भावजय गेली की भाऊही संपतो का गं? एकदा तरी लावायचास. हा तो राग.

तुझा,
पेपर वाचणारा

ता. क. पाकिटावर पत्ता लिहायला बसलो, तर तुमच्या नव्या घराचा पत्ता मला ठाऊकच नाही. तोही हिच्या फोनमध्ये. शेवटी काढला, चार्जिंगला लावला. फोटो आला. मी जरा वेळ दुसरीकडे बघितलं. मग एकामागून एक मेसेज यायला लागले, की फोन बंद असताना या नंबरवरून कॉल आला होता. सगळे गेल्या रविवारचे, सगळे तुझे. तुझ्याकडे माझा नंबर नाहीच, हे आत्ता डोक्यात शिरलं; कुणी कधी मागितलाच नव्हता. असे मेसेज कंपनी थोडेच दिवस सांभाळते म्हणे, त्यामुळे आधीच्या रविवारी तू केलेस की नाही हे कळायला मार्ग नाही. केलेस असंच धरून चालतो. वरचा राग खोडणार होतो, पण पान वाईट दिसलं असतं. तेवढं वाचू नकोस.

आणखी ता. क. तुझा नंबर मिळाल्यावर माझ्या फोनवरून लावून पाहिला. तू कट केलास. अनोळखी नंबर म्हणजे कंपनीवाले, हे हिनेच तुला शिकवलेलं. हिच्या फोनवरून लावावा, तर तुझ्या फोनवर हिचं नाव येईल आणि भाऊजींना धावपळ करावी लागेल. तेव्हा एवढंच कर. हिने वर्षाचा रिचार्ज मारून ठेवला होता, तो अजून संपायचाय. रविवारी नेहमीच्या वेळी हिच्याच नंबरवर लाव. या वेळी उचलला जाईल, घाबरू नकोस. आणि हिला विचारायचीस तसंच विचार, तो काय म्हणतोय म्हणून. मी पेपर बाजूला ठेवलेला असेल.